ताटातलं काढण्याआधी कानात पाहा

लेकराचा कान वाहायला लागला की घरातलं पहिलं बोट ताटाकडे जातं. दही बंद. ताक, केळी, पेरू, सीताफळ बंद. लेकरू अंगावर पीत असेल तर हेच सगळं आईचं बंद होतं. बाळंतपणाचं पथ्य नुकतं कुठे संपलेलं असतं, ते नव्याने सुरू होतं. औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत, हिंगोली, तालुका कोणताही घ्या, घरातल्या जाणत्या बाईचा सल्ला ठरलेला. तिच्या हाती दुसरं साधन नव्हतं, म्हणून मी तिला दोष देणार नाही. पण अलीकडे या जुन्या पथ्याला नवा आधार मिळाला आहे. मोबाइलवर कुणीतरी सांगतं की लहान मुलांचे कान वारंवार बिघडतात ते अन्नाच्या अॅलर्जीमुळे, दूध, गहू, अंडं, शेंगदाणे तोडा म्हणजे कान कोरडा होईल. आजीचं पथ्य आणि मोबाइलवरचं विज्ञान एका बाजूने बोलू लागलं की आईला तिसरा विचार करायला जागाच उरत नाही.

माझं म्हणणं असं की हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, कान वाहणाऱ्या बहुतेक मुलांच्या बाबतीत, अन्नावरचा हा आरोप चुकीचा आहे आणि त्याची शिक्षा मुलाला भोगावी लागते. आधीच तुटपुंज्या ताटातलं काहीतरी कमी होतं, आणि कान तसाच वाहत राहतो.

हा आरोप कुठून आला ते आधी प्रामाणिकपणे पाहू, कारण तो अगदीच हवेतून आलेला नाही. 1994 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या तलाल नसूली आणि सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कानाच्या पडद्यामागे वारंवार पाणी साचणारी 104 मुलं त्यांनी तपासली. त्यातल्या 78 टक्के मुलांना कोणत्या ना कोणत्या अन्नाची अॅलर्जी असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. संशयित पदार्थ 16 आठवडे बंद केल्यावर 81 पैकी 70 मुलांच्या कानात सुधारणा झाली, आणि पदार्थ पुन्हा सुरू केल्यावर त्यातल्या बहुतेकांच्या कानात पुन्हा पाणी साचलं. आकडे पाहिले की कुणालाही वाटेल, प्रश्न संपला.

प्रश्न तिथेच सुरू होतो. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. काहीही बंद न करता नुसती वाट पाहिली असती तर किती मुलं बरी झाली असती, याचं उत्तर त्यात नाही. पदार्थ पुन्हा सुरू करण्याची चाचणीही उघड होती; कोणता पदार्थ दिला जातोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि कानाचा हा आजार मुळात असा आहे की त्यात वाट पाहणं हाच मोठा उपचार असतो. सर्दीनंतर किंवा कानाच्या तीव्र संसर्गानंतर पडद्यामागे साचलेलं पाणी तीन महिन्यांत, म्हणजे 12-13 आठवड्यांत, चारपैकी तीन किंवा त्याहून जास्त मुलांमध्ये आपोआप ओसरतं. म्हणूनच 2016 मध्ये अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की अशा मुलांना, विशेष जोखीम नसेल तर, तीन महिने फक्त नजरेखाली ठेवा. प्रतिजैविकं, स्टेरॉइड, अॅलर्जीच्या गोळ्या यांतलं काही देऊ नका. 16 आठवड्यांच्या पथ्याचं यश या पार्श्वभूमीवर वाचायला हवं. ज्या काळात मूल आपोआप बरं होणार असतं, नेमक्या त्याच काळात आपण दही बंद करतो आणि श्रेय दह्याच्या गैरहजेरीला देतो. पाऊस संपता संपता सर्दी कमी होते, कान कोरडा होतो, आणि गावाची खात्री पटते की सीताफळानेच घात केला होता.

मुलांचे कान इतके का बिघडतात, याचं उत्तर ताटात शोधण्याआधी शरीराच्या रचनेत शोधावं. नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णापर्यंत एक बारीक नळी जाते, कंठकर्ण नलिका. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा ठेवायचा आणि आतला ओलावा घशात उतरवायचा, हे तिचं काम. मोठ्या माणसात ती साधारण 45 अंशांनी उतरती असते. तान्ह्या बाळात आखूड आणि जवळपास आडवी, 10 अंशांच्या आसपास. तिच्या तोंडाजवळच अॅडेनॉइड नावाची गाठ असते, जी या वयात फुगलेली असते. सर्दी झाली की नळीचं तोंड सुजतं, आतली हवा शोषली जाते, पाणी साचतं, आणि नाकातले जंतू त्या आडव्या वाटेने सहज वर पोचतात. मग ठणका लागतो. रात्रभर लेकरू रडतं, कान ओढतं, आणि पहाटे पडदा फुटून पू बाहेर आला की एकदम शांत होतं. वय सहा-सातच्या पुढे गेलं की नळी लांब आणि तिरपी होते, म्हणून बहुतेक मुलं या आजारातून वयानेच बाहेर पडतात. श्रीमंत देशांतल्या पाहण्यांतही निम्म्याहून जास्त मुलांना वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत एकदा तरी कानाचा संसर्ग होऊन गेलेला दिसतो.

दुधाने कफ वाढतो, हा समज आपल्याकडे आणि जगभर सारखाच घट्ट आहे. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडमध्ये तो तपासला गेला. निरोगी स्वयंसेवकांना सर्दीचा विषाणू देऊन ते किती दूध पितात आणि नाकातून किती स्राव येतो, याची रोज नोंद ठेवली. दुधाचा आणि स्रावाचा संबंध सापडला नाही. दूध लाळेत मिसळून घशात दाट थर जाणवतो, तो कफ नव्हे. सर्दी झालेल्या मुलाला गार दही नको वाटलं तर त्याने ते खाऊ नये. पण जे मूल आवडीने मागतं त्याच्या पुढून वाटी उचलण्याला आधार नाही.

अन्नाची अॅलर्जी हा खरा आजार आहे आणि तो जीवही घेऊ शकतो, हे इथे ठासून सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं उलट्या टोकाला जाईल. अंडं किंवा शेंगदाणे खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, श्वास घुसमटणं, ही तिची लक्षणं. तान्ह्या बाळाला गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नसेल तर शौचातून रक्त, सततच्या उलट्या, वजन न वाढणं अशी खूण दिसते. अशा मुलाला डॉक्टरकडेच न्यायचं. पण नुसता वाहणारा कान, दुसरं एकही लक्षण नसताना, ही अन्नाच्या अॅलर्जीची खूण नव्हे.

आपल्या देशात ही अॅलर्जी किती, याचा थोडा अंदाज युरोप्रिव्हॉल या आंतरराष्ट्रीय पाहणीतून मिळतो. तिचं भारतातलं काम बेंगळुरू आणि म्हैसूर भागात झालं. शाळकरी मुलांमध्ये अन्नाची संभाव्य अॅलर्जी 0.14 टक्के, म्हणजे हजारात एक-दोन मुलं, इतकीच आढळली. हाँगकाँगमध्ये हाच आकडा दीड टक्का होता. त्याच प्रकल्पातल्या भारतीय प्रौढांच्या तपासणीत एक फार महत्त्वाची गोष्ट दिसली: रक्तात अन्नाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडलेले लोक चौथा हिस्सा होते, पण खरोखर अॅलर्जी असलेले जेमतेम 1.2 टक्के. रक्ताचा अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही. आणि ज्या तपासण्यांत एका थेंबात शंभर-दोनशे पदार्थांची यादी हाती ठेवतात, आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजून, त्यांना तर अॅलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी निदानासाठी निरुपयोगी ठरवलं आहे. ती प्रतिद्रव्यं आपण तो पदार्थ खातो एवढंच सांगतात. शेतमजुराचे दोन-चार हजार रुपये त्या यादीवर जावेत, आणि त्या यादीत नेमके गहू, दूध, शेंगदाणे निघावेत, यासारखा अन्याय नाही.

शेंगदाण्याचं तर उलटंच सिद्ध झालं आहे. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या चमूने 2015 मध्ये दाखवलं की ज्या बाळांना अॅलर्जीचा जास्त धोका आहे त्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचा पदार्थ नियमित भरवला, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी राहते. मराठवाड्यातली आई भाजीत दाण्याचा कूट घालते आणि तीच भाजी-भाकरी कुस्करून लेकराला भरवते. ही चाल जपावी अशी आहे. भीतीने ती मोडली तर आपण हाताने अॅलर्जी वाढवू.

आता ताटाकडे येऊ, कारण माझा खरा राग इथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 25 टक्क्यांहून जास्त उंचीच्या मानाने रोडावलेली होती. हा राज्याचा सरासरी आकडा आहे. त्यात पुण्या-मुंबईची भरल्या ताटाची मुलंही मोजली आहेत. हिंगोली जिल्हा सोयाबीन, हळद, तूर आणि कापूस पिकवतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण जे पिकतं ते बाजारात जातं, आणि मुलाच्या ताटात ज्वारीची भाकरी, पातळ वरण आणि कधीतरी भाजी उरते. त्या ताटात दह्याची वाटी, केळं, अंडं हेच थोडं प्रथिन आणि थोडी जीवनसत्त्वं घेऊन येतात. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा पैसा थांबवला. शासनाने एका हाताने काढलं, पथ्याने दुसऱ्या हाताने. कुपोषित मुलाची प्रतिकारशक्ती कमी असते, त्याला सर्दी वारंवार होते, आणि कान सर्दीच्या मागून जातो. म्हणजे ज्या पथ्याने कान बरा करायचा तेच पथ्य पुढच्या सर्दीची तयारी करतं. आईचं ताट तोडण्याबद्दल तर मला आणखी बोलायचं आहे: पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांना कानाचे संसर्ग कमी होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. त्या आईला पोटभर जेवू घालणं हाच कानाचा उपचार आहे.

मग कान कशाने बिघडतात? घरात धूर किती आहे ते पाहा. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली, सिलिंडर घरोघर आले, पण ते परत भरायला पैसे लागतात, आणि शेतात तुराट्या आणि पऱ्हाट्या फुकट असतात. हिवाळ्यात बंद खोलीत चूल पेटते आणि बाळ आईच्या मांडीवर असतं. त्यावर अंघोळीनंतरची धुरी: निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, ऊद टाकून बाळाला त्यावर धरायचं. माया त्यात भरपूर आहे, पण तो धूर नाकाच्या कोवळ्या अस्तराला सोसत नाही. सिगारेट-बिडीच्या धुराने मुलांच्या कानाचे संसर्ग वाढतात, याचा पुरावा पक्का आहे; चुलीच्या धुरावर अभ्यास कमी झाले असले तरी अस्तराला सूज आणण्याचं काम दोन्ही धूर करतात. बाळाला शेकायचंच असेल तर गरम कापडाने शेकावं. उताणं झोपवून बाटलीने दूध पाजण्याचंही तसंच, दूध मागे नळीच्या तोंडाशी जातं. डोकं वर धरून वाटी-चमच्याने पाजलं तर हा प्रश्नच येत नाही.

अॅलर्जीचा आणि कानाचा जो संबंध खरोखर लक्षात घेण्यासारखा आहे तो नाकातून जातो, पोटातून नव्हे. सतत शिंका, नाक चोंदलेलं, डोळे खाजणारे, तोंड उघडं टाकून झोपणारं मूल, त्याच्या पडद्यामागे पाणी साचण्याची शक्यता जास्त असते. आणि त्या नाकाला चेतवणाऱ्या गोष्टी आपल्या आसपास भरपूर आहेत. 1950च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेलं गाजरगवत आज मराठवाड्याच्या प्रत्येक बांधावर आणि शाळेच्या कुंपणाला आहे. त्याचे परागकण नाकाची अॅलर्जी आणतात. सोयाबीनच्या मळणीची धूळ, हळद पॉलिश करतानाचा पिवळा फुफाटा, गोधड्यांतले धुळीतले किडे यांचाही विचार व्हावा. ग्रामपंचायतीने जूनमध्ये, फुलोऱ्याआधी, शाळेभोवतीचं गाजरगवत उपटलं तर ते पंधरा मुलांचं दही तोडण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

सर्वात मोठं नुकसान मात्र पडदा फुटल्यानंतर होतं. तीव्र संसर्गात फुटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत भरून येतो. पण घरात कढत तेल, लसणाचं तेल, कांद्याचा रस, असं जे मिळेल ते कानात घातलं जातं; मूल आंघोळीला कयाधू नदीत किंवा विहिरीत उड्या मारतं; कान ओलाच राहतो, आणि वाहणं कायमचं होतं. महिनोन्महिने, वर्षानुवर्षे. जागतिक आरोग्य संघटनेने 2004 च्या अहवालात म्हटलं की ज्या देशात असा जुनाट वाहणारा कान चार टक्क्यांहून जास्त लोकांत आहे तिथे तो तातडीने हाताळायचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानावा, आणि भारत त्या यादीत होता. जगातल्या अशा रुग्णांपैकी सुमारे 60 टक्क्यांची श्रवणशक्ती लक्षणीय कमी झालेली असते, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे.

याचा पहिला उपचार इतका साधा आहे की तो माहीत नसणं ही लाजिरवाणी गोष्ट वाटते. कान कोरडा करायचा. स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात वळायची, कानात अलगद ठेवायची, ओली झाली की काढून दुसरी ठेवायची, वात कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा. त्यानंतर डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब, बहुधा सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे, दोन आठवडे. तेल नाही, काडी नाही, अंघोळीला कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रांतल्या आजारी बालकांच्या मार्गदर्शक पद्धतीत हे लिहिलेलं आहे: चौदा दिवसांपेक्षा कमी वाहत असेल तर पोटातून अमॉक्सिसिलिन आणि वात, जास्त दिवस झाले असतील तर वात आणि थेंब. दुकानातून मागून आणलेल्या काही थेंबांत जेंटामायसिन किंवा निओमायसिन असतं. पडद्याला भोक असताना ती औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. सुश्रुतसंहितेत 28 कर्णरोग सांगितले आहेत, आणि वाहणाऱ्या कानाच्या उपचारांत कान भरण्याबरोबर पुसून काढणं आणि धुणं हेही आहे. आपण त्यातलं भरणं तेवढं लक्षात ठेवलं, पुसणं विसरलो.

कानामागे दुखरी सूज, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, तापासह डोकेदुखी आणि उलट्या, चक्कर, यांतलं काहीही दिसलं तर वाट न पाहता जिल्हा रुग्णालय. आणि थोडाच पण घाण वास येणारा स्राव असेल तर तोही हलका समजू नये. पडद्याच्या कडेने वाढणारी एक पिशवी कानातलं हाड कुरतडत मेंदूपर्यंत पोचू शकते. तिला शस्त्रक्रियेशिवाय उपाय नसतो.

वाहणारा कान दिसतो तरी. पडद्यामागे नुसतं पाणी साचलेलं मूल दिसतही नाही. त्याला ठणका नसतो, ताप नसतो. फक्त 25 डेसिबलच्या आसपास कमी ऐकू येतं. कानात बोटं घालून वर्गात बसावं तसं. गुरुजी जवळ आले की कळतं, फळ्याकडे वळून बोलले की क, प, त, स असे हलके वर्ण गळतात. पत्र्याच्या छताखाली पाऊस वाजत असताना तर काहीच नाही. हे मूल ज्या वयात भाषा शिकतं त्या वयात अर्धी वाक्यं ऐकतं, आणि वर्षअखेर त्याच्या नावापुढे 'लक्ष देत नाही' असं लिहिलं जातं. शिक्षकांना मी एवढंच सांगेन की अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवा, तोंड त्याच्याकडे करून बोला आणि पालकांना कान तपासायला सांगा. तीन महिन्यांनंतरही पाणी राहिलं आणि ऐकू येणं कमी असलं तर पडद्यात बारीक नळी बसवण्याची शस्त्रक्रिया असते.

लसीचा उल्लेख इथे राहू नये. न्यूमोकोकस जंतूविरुद्धची लस महाराष्ट्रात 2021 पासून शासकीय लसीकरणात मोफत मिळते: सहा आठवड्यांना, चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात. ती मुख्यतः न्यूमोनियासाठी आहे, कानाचे सगळे संसर्ग थांबवत नाही, पण त्यातला काही हिस्सा कमी करते. ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या बाळांचा नवव्या महिन्याचा डोस अनेकदा घर गावाबाहेर असतानाच येतो आणि चुकतो.

यंत्रणा कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीतलं मूल वर्षातून दोनदा आणि शाळेतलं एकदा तपासायचं असतं, आणि ज्या तीस आजारांसाठी ते तपासायचं त्या यादीत कानाचा संसर्ग आहे. बहिरेपण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2006-07 पासून चालू आहे. हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 9 ऑक्टोबर 2024 रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा महाविद्यालयांपैकी एक आहे. म्हणजे पथक आहे, कार्यक्रम आहे, कान-नाक-घसा विभाग जिल्ह्यातच उभा राहतो आहे. मागणी अगदी मर्यादित आहे. प्रत्येक पथकाच्या पिशवीत कान पाहायची दुर्बीण, चालू बॅटरीसह. प्रत्येक अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला वात वळून दाखवण्याचं अर्ध्या तासाचं शिक्षण, पुस्तिका वाटून नव्हे, हातात कापड देऊन. शाळेतून पाठवलेल्या मुलाची श्रवणचाचणी खरोखर झाली की नाही याची नोंद. आणि कोणत्याही डॉक्टरने मुलाचा एखादा पदार्थ बंद केलाच, तर तो कधी पुन्हा सुरू करायचा ती तारीख चिठ्ठीवर लिहिलेली असावी. महाविद्यालयाने सेनगाव, कळमनुरी, औंढ्याला कानाची शिबिरं घ्यावीत ती पावसाळ्यात, दिवाळीच्या आधी. दिवाळीनंतर घेतलेल्या शिबिरात ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं नसतात, आणि सगळ्यात जास्त कान त्यांचेच तपासायला हवेत.